झाडावरचे भावजी

झाशीतल्या यच्चयावत मोठ्या झाडांना माझ्या धाकट्या दिरांनी कधी ना कधी मिठी मारलेली आहे, आणि यच्चयावत मोठ्या माणसांना ओळख न दाखवता ते रस्त्यातून पुढे निघून गेलेले आहेत. यात गर्वाचा भाग अजिबात नव्हता. त्यांची मान कायम वर असायची आणि माणसं बिचारी खाली असायची, एवढंच. मी लग्न होऊन सांगलीहून झाशीला आले आणि नगरा मोहल्ल्यातल्या घरी माप ओलांडायला उभी राहिले, तेव्हा सगळं सासर माझ्याकडे बघत होतं. एकटे भावजी माझ्या डोक्यावरून पलीकडे, रस्त्याच्या कडेच्या सिरसाकडे, म्हणजे आपल्याकडच्या शिरीषाकडे बघत होते. मी आत आले, सगळ्यांच्या पाया पडले आणि त्यांच्यासमोर पोचले, तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही आल्यात ते फार बढिया झालं. जरा बाजूला होता का? त्या फांदीचा काही भरवसा नाही, आणि बँडवाले नेमके तिच्याखाली उभे आहेत." बँडवाले हलले. फांदी त्या दिवशी पडली नाही, दुसऱ्या दिवशीही पडली नाही. ती पडली पुढे कधीतरी, आम्ही सगळे ते विसरून गेल्यावर, आणि सासूबाई मात्र "छोटा बोलला होता" असं महिनाभर गल्लीला सांगत राहिल्या.

भावजींचा धंदा झाडांच्या शस्त्रक्रियेचा. वाळलेल्या फांद्या उतरवायच्या, घरावर कललेलं झाड हलकं करायचं, आतून पोखरलेला बुंधा तपासायचा, आंधीत, म्हणजे धुळीच्या वादळात, अर्धवट मोडलेलं झाड सावरायचं. शिकले वनस्पतिशास्त्र आणि चिकटले एका विम्याच्या कचेरीत. ती नोकरी त्यांनी एका खिडकीपायी सोडली. खिडकीसमोर कडुनिंब होता आणि विजेच्या तारा मोकळ्या करायच्या म्हणून कुणीतरी त्याचा शेंडा सपाट उडवून टाकला होता. ते काही भावजींना बघवेना. साहेब भला माणूस. त्याने टेबल उलट्या दिशेला फिरवून दिलं. आठवड्याभरात भावजींनी राजीनामा दिला. कारण विचारलं तर म्हणाले, "आता तो मला पाठीने दिसतो." मग ते दक्षिणेत कुठेतरी जाऊन दोरावर चढायचं शास्त्र शिकून आले. झाशीतली आम्ही मराठी माणसं म्हणजे मूठभर. ज्यांचे पूर्वज पेशव्यांच्या काळात कारभाराला नाहीतर पूजेअर्चेला इकडे आले, त्यांची मुलं आता कचेरीत, शाळेत, रेल्वेत. त्या मुठीत बातमी फिरली की अमक्यांचा धाकटा लाकूडतोड्या झाला. हळदीकुंकवाला आलेल्या बायका सासूबाईंना हळूच विचारायच्या, "मग कुऱ्हाड घरीच ठेवतो का हो?"

कुऱ्हाड त्यांच्याकडे नव्हतीच. होते ते दोर. दोरांचा मान आमच्या घरात देवाच्या खालोखाल होता, आणि काही बाबतींत थोडा वर. ते उन्हात ठेवायचे नाहीत, ओले असताना गुंडाळायचे नाहीत, साबणाच्या पाण्यात बुडवायचे नाहीत, आणि जमिनीवर पसरलेले असताना त्यांच्यावर पाय द्यायचा नाही. चुकून दिलाच तर पाया पडायची गरज नव्हती, पण भावजींना तसं सांगावं लागे. मग ते तो दोर टोकापासून टोकापर्यंत बोटांतून सरकवत, डोळे मिटून तपासत बसायचे. एकदा आमच्या कामवालीने त्यांचा चढायचा खास दोर अंगणात बांधला आणि त्यावर घरातल्या सगळ्या गोधड्या वाळत घातल्या. भावजी बाहेरून आले, बघितलं, आणि तडक आत जाऊन पाटावर बसले. कामवाली घाबरली. म्हणाली, "भैया, रस्सीअई तो है." भावजी अत्यंत शांतपणे म्हणाले, "हाँ बाई. और मैं भी आदमी ही तो हूँ. उसी पे लटकता हूँ." त्या बाईने पुढे जन्मभर त्यांच्या दोराला हात लावला नाही, किंबहुना नाडीचा लेंगा सुद्धा ती त्यांना विचारून वाळत घालायची.

दोराखेरीज त्यांचा संसार म्हणजे कमरेचा रुंद पट्टा, त्याला लोंबणाऱ्या लोखंडी कड्या, म्यानात घातलेली वाकडी करवत, शिरस्त्राण, आणि एक लाकडी हातोडी. शिवाय वाळू भरलेली एक छोटी पिशवी. तिला बारीक सुतळी बांधून ती फांद्यांच्या उंच बेचक्यावरून पलीकडे फेकायची, आणि मग सुतळीच्या मागोमाग जाड दोर वर ओढून घ्यायचा, अशी ती युक्ती. नेम असा की मी त्यांना ती पिशवी दोन वेळा फेकताना क्वचितच पाहिलं. मोटरवर चालणारी करवतही होती, पण ती त्यांना मनापासून आवडत नसे. "फार बोलते," म्हणायचे. हातोडीवर मात्र जीव. बुंध्यावर ठिकठिकाणी टकटक करायची आणि कान लावायचा. भरीव लाकूड एक बोलतं, पोकळ लाकूड दुसरं. ही सवय इतकी अंगात मुरली की कलिंगड, भिंत, नवीन पलंग, जे समोर येईल त्यावर त्यांची बोटं वाजायची. दारावर त्यांनी पाटी लावली होती 'वृक्ष चिकित्सक'. ती वाचून खेड्यापाड्यातली माणसं झाडपाल्याचं औषध घ्यायला यायची. एका गृहस्थाने तर सरळ ओसरीवर आडवं होऊन पोट उघडं केलं. भावजींनी सवयीने त्यावर टकटक केलं, कान लावला, आणि म्हणाले, "खोखला नहीं है. हवा भरी है." गृहस्थ समाधानाने उठला, कारण त्याचंही मत तेच होतं.

केस कापायला ते ओरछा गेटजवळच्या एका न्हाव्याकडे जायचे, आणि तिथे दर वेळी वाद व्हायचा. झाडाचा शेंडा मारणं हे भावजींच्या लेखी महापाप. त्याने झाड खुरटतं आणि वेड्यावाकड्या फांद्या फोडतं. तोच नियम ते डोक्याला लावायचे. "वरून हात नाही लावायचा, आतली गर्दी विरळ करा, हवा खेळली पाहिजे," असं हिंदीतून बजावायचे. न्हावी म्हातारा होता आणि बुंदेलीत बोलायचा. एकदा तो कात्री खाली ठेवून म्हणाला, "काए पंडज्जी, जो मूँड़ आय कै पीपर?" म्हणजे, काय हो पंडितजी, हे डोकं आहे की पिंपळ? भावजी हसले नाहीत. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "दोनों में चिड़िया बैठनी चाहिए."

बोलण्याचा त्यांचा एक हिशेब होता. बाहेर हिंदी, बाजारात बुंदेली, घरी आमची झाशीची मराठी, ज्यात 'मी आत्ता जाऊन राहिलो आहे' म्हटलं की माणूस अजून निघालेलाही नसतो. पण झाडावर चढल्यावर ते शुद्ध, जुनी, आजोबांच्या वेळची मराठी बोलायचे. "आलोच हं," "जरा सोसा," "हे एवढं उतरवलं की मग तुम्हाला मोकळं वाटेल." झाडाला अहोजाहो. खाली उभी असलेली माणसं बुचकळ्यात पडायची की वर आणखी कोण आहे. मी एकदा विचारलं की झाडाशी मराठीच का. म्हणाले, "वहिनी, इथे हिंदी सगळे ऐकतात. तिच्यात माणूस खोटं बोलायला शिकतो. मराठी कुणाला समजत नाही, त्यामुळे तिच्यात खोटं बोलून फायदा काय?"

त्यांचं लग्न झालं तेही झाडामुळेच. ग्वाल्हेरला मुलगी बघायला आम्ही सगळे गेलो होतो. पोहे आले, मुलगी आली, तिच्या वडिलांनी विचारलं, "काही विचारायचंय का?" भावजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हो. अंगणातल्या आंब्याला ही तार कुणी बांधली?" कपडे वाळत घालायची जुनी तार होती, खोडात रुतून बसलेली. पुढच्या पाच मिनिटांत होणारे जावई आंब्यावर होते आणि माझे यजमान, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, कपाळाला हात लावून बसले होते. मुलीच्या मावशीने सरळ नकार सुचवला. पण मुलगी, म्हणजे आमची कुंदा, अंगणात गेली, वर बघितलं, आणि म्हणाली, "पक्कड देऊ का?" बाकी बैठक झालीच नाही. कुंदा पुढे त्यांची खालची जोडीदार झाली. कापलेली जड फांदी धाडकन पडू द्यायची नसते. ती दोराला बांधून, दोर बुंध्याला वेढे देऊन, हळूहळू सोडायची असते. ते सोडणं कुंदाच्या हातात. साडीवर पुरुषी बूट, डोक्यावर पिवळं शिरस्त्राण, हातात चामडी मोजे, अशी ती उभी राहिली की रस्त्यावरचे टांगे सुद्धा थांबायचे. वर-खाली असूनही त्या दोघांचं जेवढं बोलणं झाडावर झालं तेवढं घरात झालं नसेल. घरी ते गप्पच असायचे, सुखाने.

आता मला गार्डसाहेबांबद्दल सांगायला हवं, कारण भावजींच्या आयुष्यातला एकुलता एक वाईट उन्हाळा त्यांच्याशी जोडलेला आहे. गार्डसाहेब म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. उंच, सडपातळ, बुंदेलखंडी मिशा, आणि गळ्यात अजूनही शिट्टी. त्यांच्या घराशेजारी गल्लीच्या सामायिक जागेत एक प्रचंड कडुनिंब होता, आणि त्याची एक जाडजूड फांदी त्यांच्या गच्चीवर आलेली होती. संध्याकाळी ऊन उतरलं की गार्डसाहेब त्या फांदीखाली वेताची खुर्ची टाकून बसायचे. सावली हवी, पण फांदीची भीती वाटायची. म्हणून दर वर्षी आंध्यांचा मोसम यायच्या आधी भावजींना बोलावणं यायचं. भावजी चढायचे, तपासायचे, चार बारीक डहाळ्या कमी करायचे. तेवढा वेळ गार्डसाहेब गच्चीवर शिट्टी घेऊन उभे. करवत त्यांना नको तिथे टेकली की शिट्टी. भावजी वरून ओरडायचे, "गार्डसाहब, ये पेड़ है, मालगाड़ी नहीं!" ते खालून ओरडायचे, "छत तो मेरी है!" दोघांचं भांडण बघायला गल्लीतली पोरंबाळं जमायची. काम संपलं की दोघं एकत्र चहा प्यायचे आणि पुढच्या वर्षापर्यंत एकमेकांची चेष्टा करायचे.

त्या वर्षी भावजींचा गुडघा सुजला होता. तरी बोलावणं आलं तसे गेले, आणि नेहमीपेक्षा फारच लवकर परत आले. मी विचारलं, "झालं पण?" म्हणाले, "हो, एकदम ठीक आहे," आणि गुडघा शेकायला बसले.

मे महिन्याच्या अखेरीला आंधी आली. आमच्याकडची आंधी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते, आधी आभाळ पिवळं होतं, मग मातीचा एक पडदा खडकाळ टेकड्यांवरून चालत येतो, आणि मग दारं-खिडक्या लावायला घरातले सगळे हात कमी पडतात. त्या गोंगाटातही मागच्या गल्लीतून आलेला आवाज आम्हाला ऐकू आला. वारा पडायच्या आत भावजी गुडघा विसरून धावले. मागोमाग आम्ही.

फांदी बगलेतून, म्हणजे खोडाला जिथे फुटते तिथून, उपटून गच्चीवर पडली होती. पत्र्याचं छप्पर, पाण्याची टाकी, कठडा, सगळं तिच्याखाली. गार्डसाहेब घरात होते. पिवळं आभाळ बघून त्यांच्या सूनबाईने त्यांना नुकतंच ओढून खाली आणलं होतं. ते धूळभरल्या मिशांनी दारात उभे होते, अगदी सुखरूप. भावजी त्यांच्याजवळ थांबले नाहीत, सरळ जिना चढून वर गेले. मी मागे होते. वर पानांच्या ढिगाऱ्यात त्या वेताच्या खुर्चीचा एक पाय तेवढा दिसत होता. बाकीची खुर्ची फांदीखाली पापडासारखी झाली होती. भावजी तिच्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी मोडलेल्या बगलेकडे बघितलं. तिथलं लाकूड काळं, मऊ, चहाच्या चोथ्यासारखं झालं होतं. वरून पाणी साचून आतल्या आत कुजलं होतं. खालून काही दिसलं नसतं. वर जाऊन हातोडी वाजवली असती तर पहिल्याच टकटकीला कळलं असतं.

भावजी घरी आले, दोर गुंडाळले, पट्टा, कड्या, करवत, सगळं पुसून एका ट्रंकेत ठेवलं आणि ट्रंक पलंगाखाली सरकवली. काय झालं ते त्यांनी कुंदाला सांगितलं आणि कुंदाने मला. ते त्या वर्षी वर चढलेच नव्हते. गुडघा दुखत होता, ऊन होतं, फांदी इतकी वर्षं ओळखीची. खालूनच बघितलं आणि 'एकदम ठीक' म्हणून सांगितलं.

त्यानंतरचे दिवस आम्हाला फार जड गेले, आणि गंमत अशी की बाहेरच्या कुणालाही भावजी एवढे चांगले कधी वाटले नव्हते. ते वेळेवर जेवायचे. भाजी आणायचे. मुख्य म्हणजे त्यांची मान खाली आली होती, त्यामुळे रस्त्यात माणसं दिसू लागली होती. इलाइट चौराह्यावर माझ्या कचेरीतले साहेब भेटले तर भावजींनी त्यांना नावाने हाक मारून नमस्कार केला. साहेब मला येऊन म्हणाले, "आपके देवर तो बड़े मिलनसार आदमी हैं." मी हो म्हटलं आणि घरी येऊन कुंदापाशी रडले. यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, भावाला पुष्कळ समजावलं. "छोटे, माणसाच्या डॉक्टरची पण चूक होते." भावजी म्हणाले, "होते. पण तो निदान नाडी तरी बघतो."

इकडे गल्लीची बैठक भरली. कडुनिंबाचा आता भरवसा नाही, सगळाच तोडून टाकू, असं ठरलं. एके सकाळी ट्रक घेऊन तोडणारे आले. आणि बुंध्याशी गार्डसाहेब शिट्टी घेऊन उभे. त्यांनी इतक्या जोरात शिट्टी वाजवली की ट्रकवाल्याने इंजिनच बंद केलं. गल्लीतले लोक चकित झाले. ज्याचं घर मोडलं तोच आडवा येतोय. गार्डसाहेब म्हणाले, "ई पेड़ में कोऊ हाथ न लगाहै. पैले पंडज्जी देखहैं." कुणीतरी म्हणालं की पंडितजींनी तर काम सोडलं. "कौन ने कई, किसने कहा?" असं गरजून ते तडक आमच्या घरी आले.

मी चहा ठेवला. भावजी उठून उभे राहिले. इतक्या दिवसांत दोघांची भेट नव्हती; गच्चीची दुरुस्ती भावजींनी माणसं पाठवून परस्पर सुरू करून दिली होती. गार्डसाहेब खुर्चीवर बसले, भावजी उभेच. मग भावजींनी एका दमात सांगून टाकलं, "गार्डसाहब, मैं उस दिन ऊपर गया ही नहीं था. नीचे से देखके बोल दिया था."

गार्डसाहेब म्हणाले, "मालूम है."

गार्डसाहेबांनी मागच्या गल्लीकडे बोट दाखवलं.

"छत पे ही तो बैठा था मैं. ताक रहा था कि अब ऊपर आएँगे, अब आएँगे. आप घुटना पकड़े-पकड़े लौट गए. मैंने सोचा, दर्द में है आदमी, आज क्या टोकना." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "जिस दिन सीटी बजानी थी उसी दिन नहीं बजाई. तो आधी चूक हमारी."

चहा उकळून वर आला तो मला दिसलाच नाही. भावजी खाली बसले, जमिनीवरच, गार्डसाहेबांच्या खुर्चीशेजारी. थोड्या वेळाने गार्डसाहेब आपल्या नोकरीतली एक जुनी गोष्ट सांगू लागले. त्यांच्या हातून एकदा एक चूक झाली होती, दोन डबे रुळावरून घसरले होते, कुणी दगावलं नव्हतं. चौकशी झाली, ठपका बसला, आणि नंतर त्यांना पुन्हा त्याच गाडीवर पाठवलं. "झंडी दिखाने से पहले दस बार डब्बे गिनता था. पर गाड़ी तो जानी थी. गाड़ी को थोड़े ही मालूम है कि गार्ड का जी कैसा है." मग ते उठले, आणि दारातून वळून म्हणाले, "कल सुबह. ठंडे-ठंडे में. और घुटने पे पट्टी बाँध के आना."

ट्रंक कुंदाने ओढली. भावजींनी दोर बोटांतून सरकवून तपासले; त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. सकाळी निंबाखाली सगळी गल्ली जमली होती. भावजींनी वाळूची पिशवी फेकली. चुकली. पुन्हा फेकली, पुन्हा चुकली. कुंदा पुढे झाली आणि अगदी सहज म्हणाली, "अहो, चष्मा." चष्मा खरोखरच कपाळावर होता. तिसऱ्यांदा पिशवी बरोबर गेली.

मग ते चढले, हळू, गुडघा सांभाळत. प्रत्येक बगलेपाशी थांबायचे, हातोडी वाजवायचे, कान लावायचे. आम्हाला खाली फक्त टकटक ऐकू येत होती आणि मधूनच "जरा सोसा हं." अशी सगळी सकाळ गेली. गार्डसाहेब नव्या कठड्याशी उभे होते, शिट्टी ओठात, पण वाजवली एकदाही नाही. शेवटी वरून आवाज आला, "कुंदा, हे राहतील." झाड आतून भक्कम होतं. फक्त आणखी एक फांदी रोगट होती, आणि दुसरी एक ओझ्याने वाकली होती. त्यांनी आधी खालच्या अंगाने थोडी करवत घातली, म्हणजे साल सोलत जाऊ नये, मग वरून कापलं, आणि कुंदाने दोर सोडत सोडत एकेक फांदी अंगणात अशी टेकवली की खालची कोंबडीही उठली नाही. लोक म्हणाले की जखमेला शेण लावा, गेरू लावा. भावजी वरून म्हणाले, "काही लावू नका. त्यांना येतं भरून काढता." ते मराठीत बोलले होते, गल्लीला काही कळलं नाही, पण सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि भावजींचे पाय जमिनीला लागले तेव्हा गार्डसाहेबांनी लांबलचक शिट्टी दिली, गाडी सुटताना देतात तशी. पोरंबाळं टाळ्या वाजवायला लागली. भावजींनी मान वर केली आणि परतताना गल्लीतल्या तीन ओळखीच्या माणसांना न बघता पुढे निघून गेले. माझ्या जिवात जीव आला.

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं चढले. खालून बघून 'ठीक आहे' म्हणणं त्यांनी कायमचं सोडलं. साध्या पेरूच्या झाडाबद्दल विचारलं तरी शिडी मागायचे. गार्डसाहेब आपल्या पलंगावर, झोपेत गेले. त्यांच्या घरच्यांनी गच्चीवर नवी खुर्ची ठेवली आहे, तिच्यावर आता नातू अभ्यास करतो.

भावजी आणि कुंदा आता पुण्याला असतात, लेकीकडे. गुडघ्याचं ऑपरेशन तिथेच झालं आणि लेकीने परत पाठवलं नाही. दोर त्यांनी जायच्या आधीच इथल्या एका होतकरू माणसाला देऊन टाकले, वापरायचे कसे ते चार महिने शिकवून. लेकीचं घर खूप उंचावर आहे. अधूनमधून त्यांचा फोन येतो. परवाच आला. म्हणाले, "वहिनी, इथे चढावंच लागत नाही. लिफ्टने येतो आणि बघतो तो सगळ्या झाडांचे शेंडे खाली. गुलमोहर आहेत, रेन ट्री आहेत, एकदम बढिया झाडं." मी म्हटलं, "मग छान आहे की." पलीकडे त्यांनी खिडकी सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "छान आहे. पण वरून बघितलं की ती कुणाच्या ओळखीची वाटत नाहीत." कुंदाने मागून काहीतरी विचारलं, त्यांनी तिला उत्तर दिलं, आणि मला विचारलं, "तिकडे लू सुरू झाली का?"

लू म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारभर वाहणारा तो भाजून काढणारा वारा. त्याची आठवण काढणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. मी खिडकीशी गेले. बाहेर गल्ली सामसूम होती, आणि धुळीची एक गिरकी कोपऱ्यापर्यंत जाऊन विरली. "झाली," मी म्हटलं. "कालपासून." पलीकडून समाधानाचा एक हुंकार आला. "हां," भावजी म्हणाले, "मग जरा फोन खिडकीपाशी धरा." मी धरला. पुष्कळ वेळ धरला. वारा काय म्हणत होता ते मला काही कळलं नाही, पण पलीकडून कुणी फोन ठेवतही नव्हतं.